लसीचं पथ्य

मोहटोला, ता. एटापल्ली
२४ जून २०२१

ती. रंजीताबाईस,
धाकट्या करिश्माचा शि. सा. न. आणि घरातल्या सगळ्यांचा जय सेवा.

तुह्यं पत्र भेटलं. त्यात तीन जागी विचारलं आहे का सुई वेळेवर घेतेस का नाई. घेते वं बाई! दहा वर्षांच्या ज्या पोट्टीले तू घरभर पळवून, पकडून सुई टोचायची, ती आता पंचवीसची झाली. दोन टाइम स्वतःच टोचून घेते. इन्सुलिनच्या शिशा थंड राहाव्या म्हणून रेतीच्या माठात ठेवल्या आहेत. सासूबाई ती रेती रोज ओली करतात, एक दिवस वाळू देत नाईत. घरातल्या देवापेक्षा त्या माठाची जास्त सेवा होऊन राह्यली असं सुनिल म्हणते.

फोनची रेंज टेकडीवर जाऊन बी धड भेटत नाई, आणि भेटली का तू अर्धा वेळ हॅलो हॅलो करण्यातच घालवतेस, म्हणून कागदावर विचारते. पुढच्या महिन्यात आरोग्यवाले गावात कोरोनाची लस घेऊन येऊन राह्यले. अठराच्या वरच्या सगळ्यांले देणार. गावची आशा कार्यकर्ती मयुरी घरोघरी सांगून गेली. अर्ध्या गावाने त्या दिवशी जंगलात जायचं ठरवलं आहे, बाकीचे ठरवून राह्यले.

माह्यं मन एका जागी नाई, बाई. सकाळी वाटते घ्यावी, सायंकाळी वाटते नको. साखरवाल्यांले कोरोना झाला तर ते वाचत नाईत म्हणतात, आणि साखरवाल्यांनी लस घेतली तरी वाचत नाईत म्हणतात. मंग आम्ही जावं कुठी? इन्सुलिन आणायले मले एटापल्लीच्या दवाखान्यात खोकणाऱ्यांच्या रांगेत उभं राहा लागते. दुपट्ट्यात तोंड दाबून, श्वास रोखून उभी राहते. घरी आल्यावर चार दिवस जीव थाऱ्यावर नसते. उगाच घसा खवखवते.

माह्या अंगाचं आजवर तूच ठरवत आली, हेही तूच सांग. भाऊजींले नमस्कार. लोभ तर आहेच, रागावशील तेव्हाही तो राहू दे.

तुही,
करिश्मा

राजुरा
३० जून २०२१

चि. सौ. करिश्मा हिस,
रंजीताचे अनेक आशीर्वाद, आणि कान पकडून एक ताकीद.

लस घ्यायची नाई. पयले हे वाच, मंग बाकीचं.

आमच्या बाजूचे इतवारीभाऊ तुले आठवत असतील, तुह्या लग्नात ज्यांनी वरातीले रस्ता दाखवता दाखवता भलत्याच गावाले नेलं ते. त्यांलेही साखर होती. एप्रिलमध्ये लस घेतली आणि आठवडाभरात गेले. धडधाकट माणूस! त्यांची बायको आशाबाई अजून ओट्यावर बसून राहते, कोणी बोललं तरी तिले ऐकू येत नाई. आता तूच सांग, मी तुले घे कशी म्हणू?

आणि तुही साखर त्यांच्यासारखी बी नाई. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, तुले नागपूरले नेलं होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरने मले समोर बसवून समजावलं होतं. मी तेव्हा एकवीसची, घाबरून नुसती मान हलवत होती, पण शब्दन् शब्द ध्यानात आहे. अंगात रोगाशी लढणारे राखणदार असतात म्हणे. तुह्या राखणदारांची चूक झाली. शेतावर राखण करणाऱ्याने अंधारात रानडुक्कर समजून आपलाच बैल मारावा, तसं त्यांनी इन्सुलिन बनवणारी जागाच मारून टाकली. आता ही लस काय करते? टीव्हीवर रोज सांगतात, अंगातले राखणदार जागे करते. अवं, ज्याने एकदा आपलाच बैल मारला त्याले उठवून अजून हातात काठी द्यायची? आता तो कोणाले मारल? डोळ्यांले? किडनीले?

यांले खाणीवर लस घ्यायलेच लावली. दोन दिवस ताप आला, तर मी उशाशी बसून श्वास चालू आहे का पाहात होती. हे म्हणाले, मरायचं असंल तर शांततेत मरू दे. मले हसूही आलं नाई. मी स्वतः घेतली नाई आणि घेणार नाई. दिवसभर कोळशाच्या गाड्या जातात, खिडक्यांवर काळं बसते, मी पुसत राहते, हात थांबला का डोकं चालू होते.

मले ना शिक्षण झालं ना नोकरी झाली. या जन्मात माह्या हातून एकच काम धड झालं, तू जगली. ते काम मी कोण्या मयुरीच्या हवाली करणार नाई. सासूबाईंले नमस्कार, सुनिलले आशीर्वाद. बहिणीवर जीव आहे ना? तर ऐक तिचं.

तुही,
रंजीताबाई

मोहटोला
९ जुलै २०२१

ती. बाईस,
करिश्माचा शि. सा. न. आणि आधीच मागितलेली माफी.

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. राखणदाराची गोष्ट मी मयुरीले विचारली. तिले नाई सांगता आलं, तिने सिस्टरले विचारलं, सिस्टर म्हणाली का साखरवाल्यांनी तर पयले घ्यावी, बाकी डॉक्टरले विचारा. डॉक्टर आमच्याकडे कधी येतात ते नाल्याच्या पाण्यावर आहे. म्हणजे तुह्या प्रश्नाचं उत्तर मले भेटलं नाई, हे खरं खरं लिहून राह्यली.

पण बाई, बाजूच्या टोल्यावरची बुधूची बायको मे महिन्यात कोरोनाने गेली. माह्याच वयाची. तिले साखर नव्हती, काहीच नव्हतं. मोहफुलं वेचायले आम्ही संगच जायचो. तिले नेताना मी दारातून पाह्यलं, आणि तेव्हापासून कोणी खोकललं तरी मी दार लावून घेते. अशी भीत भीत मी किती दिवस जगू? काहीतरी एक करावंच लागते. मी बुधवारी, १४ तारखेले लस घेऊन राह्यली.

सासूबाई माह्या बाजूने आहेत. औषध चालून गावात आलं तर त्याले परत धाडू नये म्हणतात. स्वतः मात्र मागाहून घेणार, आधी घरच्या पोरीचं पथ्यपाणी नीट होऊ द्या म्हणे. माह्यासाठी त्यांनी घरचे नवे तांदूळ काढून ठेवले आहेत.

हे पत्र पोचेपर्यंत बुधवार होऊन जाईल. म्हणूनच आज टाकून राह्यली, तू अडवायले नको म्हणून. शिव्या दे, पण जवळची समजून दे.

तुही लबाड,
करिश्मा

गडचिरोली
१९ जुलै २०२१

ती. रंजीताबाई यांस,
सुनिलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही एवढ्या मोठ्याने रडल्या का मले काहीच सांगता आलं नाई. मंग फोनच कटला. माह्या गावचा एक जण गाडी घेऊन चंद्रपूरले चालला आहे, त्याच्या हाती हा कागद देऊन राह्यलो.

करिश्मा आता बरी आहे. हे पयले लिहिलं, म्हणजे तुम्ही पुढचं वाचाल. काल डोळे उघडले आणि तुमचंच नाव घेतलं. माह्यं नाव नंतर घेतलं.

बुधवारी तिने लस घेतली. धानाचा रोवणा चालू होता म्हणून मी मामाच्या शेतावर होतो, मुक्कामाले. त्या सायंकाळी तिले ताप आला. गुरुवारी उलट्या. शुक्रवारी दुपारी मी घरी आलो तर ती लांब लांब श्वास घेऊन राह्यली होती आणि मले ओळखत नव्हती. खाटेवर घालून आम्ही चौघांनी तिले चिखलातून रस्त्यापर्यंत नेलं. एटापल्लीच्या डॉक्टरने सलाईन लावून लगेच इथी पाठवलं. साखर भल्ली वाढली होती आणि रक्तात विष झालं होतं. काऊन झालं तेही डॉक्टरने सांगतलं, पण माह्या डोक्यात सगळं राह्यलं नाई.

गावात सगळे लसीचंच नाव घेऊन राह्यले. माह्या आईले मी घरी जा म्हटलं तर जात नाई. दवाखान्याच्या पायरीवर बसून आहे, जेवत नाई. तुम्ही निघू नका, आष्टीच्या पुलावर पाणी आहे, दुसरा रस्ताही आता बंद होऊन राह्यला. भाऊजींले नमस्कार. माह्यावर राग असंल तर तो तिच्या तब्येतीनंतर काढा, मी कुठी जात नाई.

आपला,
सुनिल

राजुरा
२४ जुलै २०२१

चि. करिश्मा हिस,
रंजीताचे आशीर्वाद. ताकीद देऊन काही होत नाई, म्हणून आता नुसते आशीर्वाद.

सांगतलं होतं. बस्स, एवढंच एकदा लिहिते, मंग कधी लिहिणार नाई. सांगतलं होतं ना, वं? राखणदार उठला ना? मारलं ना त्याने?

सुनिलने निघू नका म्हटलं तरी मी निघाली होती. आष्टीच्या पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या. पुलावरून लाल पाणी वाहात होतं आणि पलीकडचा रस्ता दिसत होता. मी पिशवी घेऊन सायंकाळपर्यंत उभी होती. पोलिसाले म्हटलं मले पोहता येते. येत नाई मले पोहता, तुले माहीत आहे. त्याने चहा पाजला आणि परत जाणाऱ्या ट्रकमध्ये बसवलं. घरी आल्यावर ह्यांनी दार उघडलं तर मी चौकटीतच बसली आणि खूप रडली.

आता ऐक. म्हणे तीन महिन्यांनी दुसरी लस असते. ती तू घेणार नाई. घेतली तर मले बहीण म्हणू नको, मीही तुले पत्र लिहिणार नाई. हे मी रागात लिहून राह्यली असं समज, पण खरं समज. तू गेली तर मी कोणासाठी घाबरू?

अंगात ताकद आली का दोन ओळी लिही. स्वतःच्या हाताने लिही, सुनिलच्या नाई, तो अर्धंच सांगते.

तुही,
बाई

मोहटोला
५ ऑगस्ट २०२१

ती. बाईस,
करिश्माचा शि. सा. न., स्वतःच्या हाताचा.

मी घरी आली. बारीक झाली आहे, पण परवा भांडी घासली आणि सुनिलशी भांडलीही, म्हणजे बरी झाली समज. तू बरोबर ओळखलं, तो अर्धंच सांगते. बाकीचं अर्धं मी सांगते, आणि पत्र पूर्ण वाचल्याशिवाय पिशवी भरायले घेऊ नको.

लसीने मले काही केलं नाई, बाई. लसीचा ताप एका दिवसाचा होता, सकाळी उतरला. मले पाडलं ते पथ्याने.

तुले माहीत आहे, सासूबाई काविळीची मुळी देतात. दूरदूरची माणसं येतात. ती मुळी पोटात गेली का तीन दिवस पथ्य: फक्त अळणी पेज, तेल नाई, हळद नाई, आणि दुसरं कोणतंच औषध अंगात जाऊ द्यायचं नाई. एका अंगात दोन औषधं भांडतात म्हणतात. त्यांनी लसीलेही तोच मान दिला. एवढ्या लांबून, बर्फाच्या पेटीत बसून आलेलं औषध, त्याचं पथ्य तर अजून कडक पाहिजे! लस घेऊन आली तर त्यांनी माह्यासमोरच इन्सुलिनचा माठ उचलला आणि आपल्या खोलीत नेला. तीन दिवस हे बंद म्हणे.

आणि मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाई. ताप होता, मळमळत होतं, खाणं जात नव्हतं. आणि आपण दोघींनी लहानपणी काय पाठ केलं होतं? जेवण नाई तर सुई नाई, नाईतर साखर खाली जाते. मले वाटलं दोन्ही गोष्टी एकच सांगून राह्यल्या. साखर पाहायच्या पट्ट्या संपल्या होत्या. तीन दिवस त्या माह्या उशाशी बसून चमच्या चमच्याने पेज पाजत होत्या, आणि पेज म्हणजे भातच. इन्सुलिन नाई, वरून भात, वरून ताप. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस उशीर झाला असता तर बोलणंच नव्हतं.

हे डॉक्टरने सासूबाईंसमोर सांगतलं. त्या उठून पायरीवर जाऊन बसल्या. आता घरी माठाले हात लावत नाई. रेती मीच ओली करते. माह्या ताटात वाढताना सुद्धा सुनिलले विचारतात, वाढू का?

माह्यानंतर गावात एकानेही लस घेतली नाई. सिस्टर दोनदा येऊन परत गेली. झाडाखाली बसलेले म्हातारे मले पाहून म्हणतात, पाहा, हिले विचारा लस काय करते. खरं सांगावं तर सासूबाईंचं नाव येते, नाई सांगावं तर लसीचं नाव जाते आणि उद्या कोणी बुधूच्या बायकोसारखं गेलं तर ते माह्या माथ्यावर. मी काय करू, सांग. आणि माही दुसरी लस बाकीच आहे. भीती आता पयलेपेक्षा जास्त आहे, खोटं कशाले बोलू?

त्यांच्यावर चिडू नको. चिडशील हे माहीत आहे, तरी लिहिलं.

तुही,
करिश्मा

राजुरा
१८ ऑगस्ट २०२१

चि. करिश्मा हिस,
रंजीताचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिणार नाई म्हटलं होतं, ते सोडून दे.

तुह्यं पत्र वाचलं आणि इथल्या सरकारी दवाखान्यात गेली. भांडायलेच गेली होती. डॉक्टर म्हणजे पोरगीच आहे, तुह्याएवढी. तिले म्हटलं, माह्या बहिणीच्या राखणदाराने एकदा बैल मारला, त्याले तुम्ही काठी काऊन देता? रांगेतले सगळे हसले. ती नाई हसली. खुर्ची ओढून बस म्हणाली.

तिने सांगतलं ते असं. बैल केव्हाच मेला, पंधरा वर्षं झाली, लस घेऊन तो अजून मरत नाई. लस राखणदाराले काठी देत नाई, या नव्या डुकराचं तोंड दाखवते, म्हणजे तो आला तर ओळखता येते. तुह्यासारख्या साखरेच्या कितीतरी लोकांनी घेतली आहे. त्यांले बाकीच्यांसारखाच ताप, अंगदुखी होते, आणि कोणाची साखर दोनचार दिवस वर-खाली होते, म्हणून तेवढे दिवस ती जास्त वेळा तपासायची. कोरोना झाला तर मात्र तुम्हा लोकांचे हाल बाकीच्यांपेक्षा जास्त होतात. आणि एक गोष्ट तिने मले तीन वेळा म्हणायले लावली, मीही तुले म्हणायले लावते: ताप असो, उलटी असो, जेवण नसो, तुह्या जातीच्या साखरेत इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाई. किती घ्यायचं ते दवाखान्यात विचारायचं, पण बंद नाई. उलट्या थांबल्या नाई तर घरी थांबायचं नाई.

घरी येऊन आशाबाईजवळ बसली. इतवारीभाऊंची गोष्ट तिने पयल्यांदाच पूर्ण सांगतली. लस घ्यायले गेले तेव्हाच त्यांले आठ दिवसांचा खोकला होता. तपासणीचा कागद मागाहून आला, कोरोनाच निघाला. मले एवढे दिवस माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हणजे मले पटलं. पण पटणं वेगळं, वं, आणि छातीची धडधड वेगळी. दुसरी लस घे असं मी अजून लिहू शकत नाई. नको असंही लिहीत नाई. इथून पुढे पाऊलच पडत नाई माह्यं.

आणि तुह्या सासूबाईंचं. चिडू नको म्हणतेस? माह्या पोरीचं औषध उचलून ठेवणारी बाई! अडाणी आहे, मायाळू आहे, सगळं मान्य. तरी मी त्यांले माफ करू शकत नाई. यावेळी माहा नमस्कार सांगू नको. साखर तपासायच्या पट्ट्या पाठवून राह्यली, त्या मात्र स्वतःजवळ ठेव.

जीव तुह्यात अडकला आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुही,
बाई

मोहटोला
१७ ऑक्टोबर २०२१

ती. बाईस,
करिश्माचा शि. सा. न. आणि दसऱ्याचा जय सेवा.

मी दुसरी लस घेतली. बुधवारी. आज पाचवा दिवस आहे, दुपारी गच्च जेवली आणि हे लिहायले बसली. हे पयले लिहिलं, सुनिलकडून शिकली.

आता कसं झालं ते सांगते. महिनाभर घरात लसीचं नाव कोणी काढत नव्हतं. मी काढलं का सासूबाई उठून बाहेर जायच्या. एक दिवस म्हणाल्या का पथ्याशिवाय औषध द्यायले माह्यं मन धजत नाई, आणि पथ्य दिलं तर तू मरशील. मंग मी काय करू? आणि बापा, त्या रडल्या, पयल्यांदाच पाह्यलं. मलेही रडू आलं. दोघी रडतो तर सुनिल घाबरून शेजाऱ्यांले बोलवायले गेला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच पुजारी झाडूबाबाकडे गेल्या. त्यांले विचारलं का ज्याले पथ्य झेपत नाई त्याले औषध कसं द्यावं. झाडूबाबा म्हणाले, यात विचारायचं काय आहे? अंगावर पिणाऱ्या लेकराले मुळी देतो तेव्हा पथ्य कोण पाळते? लेकरू थोडीच पाळते. त्याची आई पाळते.

बाई, त्या तशाच परत आल्या आणि मले म्हणाल्या का तू जेव, सुई घे, तुह्यं सगळं नेहमीसारखं कर. तुह्यं पथ्य मी पाळते.

बुधवारी सिस्टर आली, झाडाखाली पेटी उघडली. माणसं दूर दूर उभी. सासूबाई मधात जाऊन उभ्या राह्यल्या आणि सगळ्यांसमोर गोंडीत बोलल्या. म्हणाल्या का माही सून लसीने नाई पडली. मी तिची रोजची सुई लपवली, म्हणून पडली. ती मेली असती तर माह्या हाताने मेली असती. तुम्ही उगाच या औषधाले बोल लावू नका. मी मान खाली घालून उभी, मले वाटलं धरतीने पोटात घ्यावं, आणि त्यांचा एवढा अभिमानही वाटला का सांगता येत नाई. मंग मी हात पुढे केला. माह्यामागून त्यांनी केला. मंग बुधू आला, मंग आणखी काहीजण. सगळं गाव नाई आलं, झाडूबाबा बी विचार करतो म्हणून घरी गेले. पण पेटी रिकामी परत गेली.

मले रात्री थोडा ताप आला. साखर जरा चढली, मंग पट्टीवर पाहून, मयुरीने सिस्टरले विचारून सांगतलं तेवढं इन्सुलिन वाढवलं. शुक्रवारी सगळं ठिकाणावर. खरं सांगू? ते दोन दिवस मी दर घडीले स्वतःची नाडी पाहात होती.

आता खरी अडचण ऐक. सासूबाईंनी स्वतःही लस घेतली ना? तर बुधवारपासून तीन दिवस माह्यं पथ्य पाळलं आणि आता तीन दिवस स्वतःचं चालू आहे. दोन्ही एकात चालत नाईत म्हणे, त्याचा हिशोब वेगळा. शुक्रवारी दसऱ्याले घरात कोंबडी शिजली, आम्ही सगळे जेवलो, आणि त्या कोपऱ्यात बसून अळणी पेज प्याल्या. डोळे खोल गेले आहेत. उठताना भिंत धरतात. माह्यं ऐकत नाई, सुनिलचं ऐकत नाई. म्हणतात, तुह्या बहिणीले विचार, तिने तुले वाढवलं, तिले समजल.

तूच काहीतरी लिही त्यांले. नमस्कार सांगू नको म्हटलं होतं तू, ते मी त्यांले सांगतलं नव्हतं. तुले बहीण म्हणायची आता परवानगी आहे का, तेही कळव.

तुही,
करिश्मा

राजुरा
२२ ऑक्टोबर २०२१

ती. रुखमाबाईंस,
राजुऱ्याहून रंजीताचा शि. सा. न. आणि जय सेवा.

हे पत्र सुनिल तुम्हाले वाचून दाखवल. त्याने मधलं काही गाळू नये, त्याची ती सवय मले माहीत आहे.

मी तुमच्यावर फार चिडली होती. तुम्हाले कधी माफ करणार नाई असं लिहिलं होतं. करिश्माने तुम्हाले सांगतलं नसंल, म्हणून मीच सांगते. पायरीवर तुम्ही उपाशी बसल्या होत्या तेव्हा मी इथी तुम्हाले शिव्या देऊन राह्यली होती. करिश्माचं पत्र परवा आलं आणि मी ते उभ्याउभ्याच वाचलं. सगळ्या गावासमोर तुम्ही जे बोलल्या, ते माह्याच्याने झालं नसतं.

काल मी लस घेतली. एवढे दिवस तिले अडवत होती आणि स्वतः तोंड लपवत होती. त्या डॉक्टर पोरीने मले ओळखलं आणि बैल कसा आहे म्हणून विचारलं. हात दुखून राह्यला, बाकी ठीक आहे.

आता तुमच्या पथ्याचं. कागद पोचेपर्यंत तुमचे दिवस सरून गेले असतील, हे मले कळते. तरी सांगते, मीठ खा, भाजी खा, कोंबडी राह्यली असंल तर ती खा. त्या पोरीले तुम्ही धडधाकट पाहिजे. रेतीचा माठ पयलेसारखा तुम्हीच ओला करा, तिच्या हातून रेती वाळते, ती लहानपणापासून आळशी आहे.

आणि एक. झाडूबाबा बरोबर बोलले, लेकराचं पथ्य आई पाळते. तिले दहाव्या वर्षापासून मी वाढवलं. तिचं पथ्य निघालं असंल तर त्यातलं अर्धं माह्याकडेही निघते, ते तुम्ही एकटीने कसं पाळलं? मी आज सकाळपासून अळणी पेज घेऊन राह्यली. तेल नाई, हळद नाई. हे म्हणतात बयाड झालीस का, आता त्याचा काय उपयोग. पण सकाळपासून छातीतली धडधड बसली आहे, हे खरं.

पूल मोकळा आहे. दिवाळीच्या आधी मी तिकडे येऊन राह्यली, तुम्हाले भेटायले. तोवर माया असू द्या, आणि मले रंजीता म्हणा, बाई म्हणू नका.

तुमची विहीण,
रंजीता